नुनावुतमध्ये एचआयव्हीचं काम करायचंय? मग आधी खोकी उचलायला शिका

कॅनडाच्या उत्तरेत नर्स, फार्मसिस्ट, टीचर किंवा पब्लिक हेल्थवाले म्हणून कॉन्ट्रॅक्टवर जाणाऱ्यांचा प्लॅन साधारण ठरलेला असतो, कम्युनिटी हॉलमध्ये प्रोजेक्टर लावायचा, एचआयव्हीवर तासभर बोलायचं, पॅम्फ्लेट वाटायचे, फोटो काढायचे आणि वर रिपोर्ट पाठवायचा. लोक येतात, चहा पितात, शांत बसतात आणि घरी जातात. मग आपण म्हणतो लोकांना इंटरेस्टच नाही. इंटरेस्ट असतो हो, पण सगळ्या गावासमोर, कालच विमानातून उतरलेल्या माणसाच्या तोंडून, परक्या भाषेत, स्वतःच्या बेडरूमबद्दल ऐकायला कोणाला आवडेल?

म्हणून हे सगळं लिहितोय. आधीच सांगतो, माझा मुद्दा एकच आहे: कार्यक्रम इनुइतचा म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा असतो, तुम्ही खोकी उचलणारे. टेस्ट किटची खोकी, कंडोमची खोकी, चहाच्या कपांची खोकी. बोलायचं कोणी, कधी, कोणत्या शब्दात हे ते ठरवणार. पटत नसेल तर पुढचं वाचू नका, पण मग तो प्रोजेक्टरवाला प्लॅन पण करू नका.

बेसिक गोष्टी पटकन. इनुइत हा शब्दच अनेकवचनी आहे, एक माणूस असेल तर इनुक. (म्हणजे "इनुइत लोक" म्हणणं जरा "लोक लोक" म्हटल्यासारखं होतं, मीही म्हणतो, असो.) जुना "एस्किमो" हा शब्द वापरू नका, कॅनडात तो अपमान समजतात. त्यांच्या प्रदेशाला इनुइत नुनांगात म्हणतात, त्यात चार भाग: नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधला इनुविआलुइत भाग, नुनावुत, क्युबेकच्या उत्तरेचं नुनाविक आणि लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरचं नुनात्सिआवुत. सगळं मिळून ५१ वस्त्या. २०२१ च्या जनगणनेत कॅनडात इनुइत ७० हजारांच्या थोडे वर होते आणि दहातले साधारण सात याच प्रदेशात राहतात. चारही भागांची आरोग्यव्यवस्था वेगवेगळी आहे, नुनाविकचं स्वतःचं रीजनल हेल्थ बोर्ड क्युबेकच्या सिस्टिममध्ये येतं, त्यामुळे एका भागात शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं चालेल असं धरू नका. मी इथे मुख्यतः नुनावुत डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. नुनावुत १ एप्रिल १९९९ ला वेगळी टेरिटरी झाली, २५ वस्त्या आहेत आणि एका वस्तीतून दुसरीत जाणारा रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात जहाज. हे डोक्यात पक्कं बसवा कारण पुढे किटपासून औषधापर्यंत सगळं याच्यावर अडतं.

आकडे सांगून घाबरवू नका

नुनावुतमध्ये एचआयव्हीच्या नोंदलेल्या केसेस कमी आहेत. खरंच कमी. मग काम कशाला? तर क्लॅमिडिया आणि गनोरियाचे दर तिथे कॅनडाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहेत, आणि २०१२ पासून सिफिलिसची साथ चालू झाली. सिफिलिसचा फोड असला की एचआयव्हीला शरीरात शिरायला दार उघडंच मिळतं. आणि लोक एका जागी बसून नसतात, ऑपरेशनला, बाळंतपणाला, कॉलेजला, नोकरीला, कोर्टकचेरीला दक्षिणेत ये-जा चालूच असते. नुनावुतच्या बॅफिन भागातले ओटावाला, किवालिक भागातले विनिपेगला, किटिकमिओट भागातले एडमंटन नाहीतर यलोनाइफला, नुनाविकचे मॉन्ट्रियलला. त्यामुळे "अजून कमी आहे, वाढू द्यायचा नाही" हा सूर बरोबर आहे, "तुम्ही धोक्यात आहात" हा सूर चुकीचा. आधीच प्रत्येक बातमीत आपल्याबद्दल वाईटच आकडे ऐकून लोक कंटाळलेत.

आणि एक कडक नियम, वस्तीचा आकडा कधीही बोलायचा नाही. ग्रीझ फियोर्डसारख्या जागी दीडशेच्या आत माणसं राहतात, तिथे "एक केस आहे" असं म्हटलं की संध्याकाळपर्यंत नाव ठरलेलं असतं, बहुतेक वेळा चुकीचं. रिपोर्टमध्ये पण नाही, मैत्रिणीला फोनवर पण नाही.

जुनी जखम माहीत करून घ्या

हा भाग लोक गाळतात आणि तिथेच मार खातात. १९५० आणि ६० च्या दशकात सी. डी. हाउ नावाचं सरकारी जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायचं, जहाजावर एक्स-रे काढायचे, टीबी दिसला की माणसाला तिथूनच दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये न्यायचे, घरी जाऊन निरोप घ्यायची पण सोय नाही. १९५६ मध्ये दर सात इनुइतपैकी एक जण दक्षिणेत उपचार घेत होता असं सांगतात. कित्येक जण परत आले नाहीत आणि त्यांना कुठे पुरलं हेही घरच्यांना कळलं नाही. त्यात सरकारने नावांऐवजी नंबर कोरलेले बिल्ले दिलेले, आणि मुलांना रेसिडेन्शियल स्कूलमध्ये, म्हणजे घरापासून दूरच्या वसतिगृहाच्या शाळांत, नेलेलं. ८ मार्च २०१९ ला तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी इकालुइतला, म्हणजे नुनावुतच्या राजधानीत, जाऊन टीबीच्या त्या वागणुकीबद्दल माफी मागितली आणि कबरी शोधून द्यायचं नानिलावुत नावाचं काम तेव्हाच जाहीर झालं. नानिलावुत म्हणजे "चला त्यांना शोधूया".

आता विचार करा, तुम्ही बाहेरून आलात, रक्त मागताय, आणि रक्त विमानाने दक्षिणेत जाणार आहे. समोरच्या आजीने तिची आई तशीच गमावली असू शकते. म्हणून रक्त घेण्याआधी, न विचारता सांगायचं की हे कुठे जाणार, कोण बघणार, किती दिवसांनी उत्तर येणार, आणि पॉझिटिव्ह आलं तरी तुम्हाला कोणी उचलून नेणार नाही, गोळ्या इथे घरी मिळतात. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं.

आधी कोणाच्या दारात

पोचल्या पोचल्या कार्यक्रम लावायचा नाही. आधी हॅम्लेट कौन्सिलच्या (म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या) मीटिंगमध्ये पाच मिनिटं मागून घ्या आणि तिथे प्लॅन मांडू नका, प्रश्न मांडा: तुम्हाला यातलं काय हवंय, आधी काय झालं होतं, काय फसलं? मग हॅम्लेटच्या वेलनेस कोऑर्डिनेटरला भेटा, हेल्थ सेंटरमधल्या कम्युनिटी हेल्थ रिप्रेझेन्टेटिव्हला भेटा, ही व्यक्ती बहुतेक वेळा गावातलीच असते आणि नर्सेस बदलत राहतात पण ही टिकून असते, खरी मालकीण तीच. शाळेत काही करायचं असेल तर डिस्ट्रिक्ट एज्युकेशन ऑथॉरिटीचा होकार लागतो. चर्चला टाळू नका. अँग्लिकन, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, तिघांचंही वजन आहे, आणि मागून कळलं म्हणून चिडलेला पाद्री हा आधी विचारल्यावर नाही म्हणालेल्या पाद्र्यापेक्षा जास्त महागात पडतो.

वयस्कर माणसं म्हणजे एल्डर्स. "ते लाजतील" असं आपणच धरून चालतो. उलट बऱ्याच एल्डर्सना शरीर, बाळंतपण, नवरा-बायको यावर मोकळं बोलायची सवय असते आणि मधल्या पिढीला, जिचं बालपण शाळांच्या वसतिगृहात गेलं, तिला शब्द सापडत नाहीत. नुनावुतमधल्या आईवडिलांशी बोलून केलेल्या संशोधनातही हेच आलंय की मुलांशी बोलायचं असतं पण कसं बोलायचं ते कळत नाही. त्यामुळे आजी आणि नात यांना एकत्र बसवा, मधली पिढी आपोआप ऐकते.

निर्णय घ्यायच्या पद्धतीला आजीकातिगीनिक म्हणतात, बोलून बोलून सगळ्यांचं एकमत करायचं. ही काउयिमायातुकांगितमधली म्हणजे इनुइत ज्ञानपरंपरेतली गोष्ट आहे आणि नुनावुत सरकारनेही ती कामाची तत्त्वं म्हणून घेतलीय. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर मीटिंग लांबते. लांबू द्या. हात वर करून मतदान घेतलंत तर हरलेले लोक कार्यक्रमाला येणार नाहीत, बस.

आणि प्लीज, सगळं नव्याने बनवायला बसू नका. पाउक्तूतित ही कॅनडातल्या इनुइत महिलांची राष्ट्रीय संघटना १९८४ पासून आहे, एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्यावर तिचं काम जुनं आहे, इनुइत भाषेतलं साहित्य आहे, लैंगिक आरोग्याच्या शब्दांचा संग्रहही आहे. आधी त्यांना मेल करा, नंतर स्वतःचं पोस्टर डिझाइन करा. बहुतेक वेळा स्वतःच्या पोस्टरची गरजच पडत नाही. आणि तुम्ही माहिती गोळा करून पेपर लिहिणार असाल तर ते संशोधन झालं, नुनावुतमध्ये त्याला नुनावुत रिसर्च इन्स्टिट्यूटचं लायसन्स लागतं. "छोटासा सर्व्हे" म्हणून सुटका नाही.

शब्द

भाषांतर करणाऱ्याला आदल्या दिवशी इंग्लिश स्लाइड्स देऊन "हे करून ठेव" म्हणू नका. "व्हायरल लोड" (रक्तात व्हायरस किती आहे ते), "विंडो पीरियड" (लागण झाली तरी टेस्टमध्ये दिसत नाही तो काळ), "अनडिटेक्टेबल" याला तयार शब्द पटकन सापडत नाही, आणि चुकीचा शब्द निवडला तर "दिसत नाही" याचा अर्थ "बरा झाला" असा होऊन बसतो. एक अख्खी दुपार काढा, एल्डर, तरुण, इंटरप्रिटर आणि नर्स एकत्र बसवा, एकेक शब्द घ्या, तो परत इंग्लिशमध्ये सांगायला लावा, हसू येईल, येऊ दे. त्या दुपारीच निम्मं शिक्षण होऊन जातं, खरं तर हीच पहिली वर्कशॉप. आणि शब्द जागेप्रमाणे बदलतात, लिपीसुद्धा, कुठे सिलॅबिक्स म्हणजे खुणांची वेगळी लिपी तर कुठे रोमन, त्यामुळे इकालुइतचं पॅम्फ्लेट केंब्रिज बेमध्ये नुसतं चिकटवू नका, तिथे इनुइनाक्तुन बोलतात.

अजून एक कामाची गोष्ट. नुनावुतमध्ये भुवया वर केल्या म्हणजे हो, नाक मुरडलं म्हणजे नाही. नवीन माणूस विचारतो "समजलं का?", समोरून पंधरा भुवया वर होतात आणि हा बिचारा "कोणी उत्तरच देत नाही" म्हणून तेच परत इंग्लिशमध्ये मोठ्याने सांगतो. आणि शांतता सहन करायला शिका. प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद कोणी बोललं नाही तर ते विचार करतायत, तुम्ही मध्ये तोंड घालू नका.

बसायचं कुठे

हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा लावून नाही. बायका पार्का, मिटन्स शिवायला जमतात तिथे जा, बोलावलं तर. हात कामात, नजर सुईवर, एकमेकींच्या डोळ्यात बघायची गरज नाही, अशा वेळी जे प्रश्न येतात ते क्लिनिकमध्ये वर्षभरात येत नाहीत. पुरुषांचं तसंच, स्नोमोबाइल रिपेअर करताना, शिकारीच्या ट्रिपला. तरुण मुलांसाठी गावाबाहेर जमिनीवरचा कॅम्प सगळ्यात भारी, दिवसभर मासे, चहा, तंबू आणि रात्री गप्पा. शिकवण्याची पद्धत बघून, करून, परत करून, याला पिलिम्माक्सार्निक म्हणतात. ही पद्धत अवघड वैद्यकीय कामात चालत नाही असं कोणी म्हणालं तर नुनाविकमधल्या पुविर्नितुकचं उदाहरण द्या, १९८६ पासून तिथे बाळंतपणं गावात होतात आणि इनुइत सुईणी अशाच कामातून तयार झाल्यात.

रेडिओ विसरू नका. वस्तीवस्तीत लोकल रेडिओ असतो, त्यावर हरवलेल्या ग्लव्हपासून बिंगोपर्यंत सगळं चालतं आणि घराघरात चालू असतो. एल्डर आणि एखादी तरुण मुलगी इनुक्तितुतमध्ये, म्हणजे त्यांच्या भाषेत, गप्पा मारतायत, लोकांनी आधी चिठ्ठीत टाकलेले प्रश्न त्या वाचतायत, मध्ये बिंगो, बक्षीस पेट्रोलचं कुपन. तुम्ही स्टुडिओत बसा पण माइकपासून लांब, काही तांत्रिक अडलं तर कानात सांगायला. फोन-इन घेताना मात्र जपून, आवाज सगळे ओळखतात, म्हणून चिठ्ठीच बरी.

सुरुवात कशी करायची ते त्यांच्यावर सोडा. कुठे प्रार्थना होईल, कुठे एखादी एल्डर कुल्लिक म्हणजे चरबीचा दिवा लावेल. तुम्ही फोटो काढत सुटू नका. खाणं चांगलं ठेवा, शक्यतो गावातल्या शिकाऱ्याकडून आर्क्टिक चार मासा नाहीतर कॅरिबू हरणाचं मांस विकत घेऊन, आणि बॅनक म्हणजे तिथला पाव. बजेटमध्ये सगळ्यात आधी हीच ओळ टाका, कारण नंतर टाकली की वरचे लोक कापतात.

सांगायचं काय

कमी सांगा. रक्त, वीर्य, योनीतले आणि गुदद्वारातले स्राव, आईचं दूध, यातूनच एचआयव्ही पसरतो. कुनिक म्हणजे नाक लावून माया करणं, त्यातून नाही. जमिनीवर पुठ्ठा पसरून सगळ्यांनी एकत्र कच्चं मांस खाल्लं, त्यातून नाही. एका कपातून चहा, एकाच तंबूत झोपणं, नाही. हे मुद्दाम त्यांच्याच उदाहरणांनी सांगायला हवं कारण छोट्या घरात दहा माणसं राहत असताना भीती पसरली तर सगळ्यात आधी कोणाचं तरी ताट वेगळं होतं.

टॅटूबद्दल मात्र बोला. बायकांचे पारंपरिक टॅटू, काकिनीत, गेल्या काही वर्षांत परत आलेत, सुईने टोचून किंवा दोरा ओवून त्वचेतून शिवून करतात, आणि ही खूप अभिमानाची गोष्ट आहे, तेव्हा "टॅटू धोकादायक" असं एका शब्दानेही म्हणायचं नाही. टॅटू करणाऱ्या बाईलाच बोलवा, तिनेच दाखवावं: प्रत्येकाला नवी सुई, नवा दोरा, शाईची नवी वाटी, ग्लव्ह्ज, आणि वापरलेली सुई हेल्थ सेंटरच्या शार्प्स डब्यात. नशेच्या सुयांबद्दल पण हेच, उपदेश न करता नवी सुई कुठे मिळेल ते सांगायचं.

आणि चांगली बातमी आधी सांगा! उपचार घेऊन व्हायरस रक्तात सापडत नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला की सेक्समधून दुसऱ्याला लागण होत नाही. एचआयव्ही असलेल्या आईला निगेटिव्ह बाळ होऊ शकतं. प्रेप म्हणजे संपर्क येण्याआधीपासून घ्यायची गोळी, ती नियमित घेतली तर सेक्समधून लागण बहुतेक टळते, आणि इनुइतसाठी ती केंद्राच्या नॉन-इन्शुअर्ड हेल्थ बेनिफिट्स योजनेत बसते, म्हणजे खिशातून डॉलर जात नाहीत. पेप म्हणजे संपर्क आल्यावर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं औषध. इथे परत विमान आठवा. ब्लिझर्डमध्ये तीन दिवस विमान उतरत नाही, म्हणजे ७२ तास गेलेच. म्हणून कार्यक्रम लावण्याआधी हेल्थ सेंटरच्या इन्चार्ज नर्सला विचारा की पेपचे सुरुवातीचे डोस इथे कपाटात आहेत का, एक्सपायरी काय. नसतील तर ते मागवून येईपर्यंत लोकांना पेपचं आश्वासन देऊ नका.

कंडोम

साधी गोष्ट, पण ठेवायची जागा चुकते. हेल्थ सेंटरच्या रिसेप्शनवर ठेवले तर रिसेप्शनला चुलतबहीण बसलेली असते. दुकानात घ्यायचे तर काउंटरवर मामी. म्हणून जिथे दार लावून घेता येतं तिथे ठेवा: को-ऑप दुकानाचं टॉयलेट, अरीना, कम्युनिटी हॉल, एअरपोर्ट, हंटर्स अँड ट्रॅपर्सचं ऑफिस. डबा मोठा, एकदम मूठभर घेता येईल असा. आणि भरायचं काम एका तरुण मुलामुलीला पैसे देऊन द्या, त्यांना दोन आठवड्यांत कळतं कुठला डबा आधी संपतो, ही माहिती कुठल्याही सर्व्हेपेक्षा खरी. स्टॉक मोठा हवा तर उन्हाळ्याच्या सीलिफ्टच्या जहाजाने मागवा, स्वस्त पडतं, फक्त एक्सपायरी लांबची बघून. आणि खोकी घरातल्या तापमानाला ठेवा, बाहेरच्या शेडमध्ये उणे चाळीसमध्ये नाही.

डेमो द्यायचा तर हसणं होणारच. गावात दगडावर कोरीव काम करणारे असतात, एखाद्याला मॉडेल बनवायला सांगून बघा, लाकडी मॉडेलपेक्षा जास्त चर्चा होईल एवढं नक्की. (आधी पाद्र्याला विचारून. किंवा न विचारून. तुमचं तुम्ही बघा.) बाईने वापरायचा कंडोमही दाखवा, कारण "तो नाही म्हणतो" ही अडचण शिवणाच्या ग्रुपमध्ये हमखास निघते, आणि त्यातून पुढे मारहाणीची गोष्ट पण निघू शकते. त्यासाठी तयारी हवी: गावात सुरक्षित जागा कुठली, सोशल वर्कर कोण, कामात्सिआक्तुत हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लिहिलेला. हे नसताना तो विषय उकरू नका.

टेस्ट आणि गुपित

माझ्या मते छोट्या वस्तीत गुपित पाळणं हेच सगळ्यात मोठं प्रिव्हेन्शन आहे. लोक टेस्ट करत नाहीत ते अज्ञानामुळे कमी आणि पार्किंगमध्ये कोणाची स्नोमोबाइल उभी आहे हे सगळ्यांना दिसतं म्हणून जास्त.

काय करता येतं? एचआयव्हीची वेगळी टेस्टिंग रांग कधीच लावू नका. सिफिलिस, क्लॅमिडिया, हेपटायटिस, ब्लडप्रेशर, शुगर, सगळं एकत्र, "हेल्थ डे" म्हणून, म्हणजे रांगेत उभा माणूस कशासाठी उभा आहे ते कळत नाही. कॅनडात बोटाच्या थेंबावर मिनिटभरात निकाल देणारी इन्स्टी नावाची टेस्ट आहे, तिच्या घरी करायच्या किटला हेल्थ कॅनडाने नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये एकाच थेंबात एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही बघणारी टेस्टही मान्य झाली. ही किटं विमानाच्या कार्गोत किंवा धावपट्टीवर गोठू देऊ नका, उतरल्या उतरल्या जाऊन उचलायची आधीच व्यवस्था करा. ड्राइड ब्लड स्पॉट म्हणजे कागदावर रक्ताचे थेंब वाळवून लॅबला पाठवायची पद्धत पण दूरच्या जागी सोयीची आहे, टेरिटरीच्या पब्लिक हेल्थला विचारा आपल्याकडे चालू आहे का.

विंडो पीरियड नीट समजवा: परवाच्या रात्रीबद्दल आजची टेस्ट काही सांगत नाही, तीन महिन्यांनी परत करायची. रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर ती पक्की नाही, लॅबमध्ये खात्री करावी लागते. आणि पॉझिटिव्ह निकाल पब्लिक हेल्थला कळवावा लागतो, जोडीदारांपर्यंत निरोप पोचवायचं काम होतं, हे टेस्टच्या आधी सांगा. लपवलं तर पुढच्या दहा जणांचा विश्वास गेला.

इंटरप्रिटर कोण हवा ते पेशंटला विचारा, काहींना स्वतःची मावशी चालते, काहींना दुसऱ्या वस्तीतला फोनवरचा माणूस हवा असतो. तुमच्या सगळ्या स्वयंसेवकांकडून गुपिताची सही घ्या आणि सही म्हणजे काय ते उदाहरण देऊन सांगा: नवऱ्याला पण नाही, फेसबुकवर "कोणासाठी तरी प्रार्थना करा" असं पण नाही.

कायद्याचा प्रश्न येतोच, "पॉझिटिव्ह आलो आणि सांगितलं नाही तर जेल?" कॅनडात न सांगण्यावरून गुन्हे दाखल झालेत, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की व्हायरल लोड कमी आणि कंडोम वापरलेला असेल तर सांगायची सक्ती नाही, त्यानंतरही गोष्टी बदलत गेल्या. तुम्ही वकील नाही. एचआयव्ही लीगल नेटवर्ककडे किंवा लीगल एडकडे पाठवा आणि तिथेच थांबा.

पॉझिटिव्ह आली तर

कार्यक्रमाच्या आधी हा रस्ता चालून बघा, म्हणजे खरंच एकेक फोन करून. कोण निकाल सांगणार, त्या रात्री पेशंटसोबत कोण थांबणार, स्पेशालिस्ट कुठे, व्हिडिओवर भेट होते का, गोळ्या कशा येणार, पाकिटावर काय लिहिलेलं असणार. शेवटचं छोटं वाटतं पण फार्मसीतून येणारी पिशवी एअरपोर्टवर कोणीतरी ओळखीचाच घेतो, तेव्हा साधं बंद खोकं मागा. टीबीचीही तपासणी करून घ्या कारण एचआयव्ही असताना झोपलेला टीबी जागा होतो, आणि तिथे टीबी अजून संपलेला नाही, तो २०३० पर्यंत संपवायचं इनुइत तापिरीत कानातामी या इनुइतच्या राष्ट्रीय संघटनेचं ध्येय आहे.

दक्षिणेत गेलेल्यांना सोडू नका. ओटावात लार्गा बॅफिन, मॉन्ट्रियलजवळ डोर्व्हालला उलिविक, ही पेशंट उतरायची घरं, इथे पोस्टर आणि कंडोमचा डबा ठेवायची परवानगी मागा. ओटावात तुंगासुव्विंगात इनुइत १९८७ पासून शहरातल्या इनुइतसाठी काम करतं, त्यांच्याशी ओळख ठेवा, म्हणजे गावातून जाणाऱ्या पोराला एक नाव, एक पत्ता देता येतो. पहिल्यांदा शहरात उतरलेल्या १९ वर्षांच्या मुलाला पॅम्फ्लेट नको असतं, इनुक्तितुत बोलणारं माणूस हवं असतं.

पैसे, आणि निघताना

एल्डर, इंटरप्रिटर, स्वयंपाक करणारी, डबे भरणारा मुलगा, सगळ्यांना मानधन, त्याच दिवशी, शक्यतो रोख. सहा आठवड्यांनी दक्षिणेतून चेक येणार असं सांगाल तर पुढच्या वेळी कोणी येणार नाही आणि बरोबरच आहे. पब्लिक हेल्थ एजन्सीचा एचआयव्ही आणि हेपटायटिस सी साठी कम्युनिटी अॅक्शन फंड आहे, पण अर्ज गावातल्या किंवा इनुइत संस्थेच्या नावाने होऊ द्या, तुम्ही फक्त फॉर्म भरायला मदत करा, फॉर्म भयंकर असतात, ते खोकं मात्र खरंच तुम्हीच उचला.

यश मोजायचं तर हॉलमधली डोकी मोजू नका. डबे किती लवकर रिकामे होतात, आपणहून टेस्ट मागायला किती आले, रेडिओसाठी चिठ्ठ्या किती आल्या, आणि गावातल्या किती जणांना आता तुमच्याशिवाय हे सगळं चालवता येतं.

कॉन्ट्रॅक्ट संपायच्या दोन महिने आधीपासून हात काढून घ्यायला लागा. शेवटची रेडिओ संध्याकाळ तुमच्याशिवाय होऊ द्या, चुकलं तर चुकू द्या. कपाटाची चावी, किटच्या एक्सपायरीची यादी, फंडवाल्यांचा फोन, सीलिफ्टच्या ऑर्डरची शेवटची तारीख, हे सगळं एका वहीत हाताने लिहून कम्युनिटी हेल्थ रिप्रेझेन्टेटिव्हकडे द्या, लॅपटॉपमध्ये नको, कारण लॅपटॉप तुमच्याबरोबर विमानात बसणार आहे.